कापलेले नाक, सरकवलेला जबडा : चेहरा घडवण्याचा इतिहास

१/ दिंडोरीच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर नाशिक. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथेच कापले आणि त्यावरून गावाला नाव पडले, अशी परंपरा सांगते. मराठीत आजही अब्रू गेली की 'नाक कापले' म्हणतात. एके काळी ही शिक्षा खरोखर दिली जात असे.

२/ कावसजी हा मराठा शेतकरी १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो नाकाविना वावरला.

३/ मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नाक दिले. मेणाचा साचा कपाळावर पसरून आकार आखला, तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांमधील पट्टी जोडलेलीच ठेवली. कातडी फिरवून नाकाच्या जागी काथाच्या लेपाने चिकटवली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली.

४/ मर्म त्या पट्टीत होते. तिच्यातून रक्त वाहत राहिले, म्हणून कातडी जगली.

५/ पेशवे दरबारातील व्यक्तींची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीलाही रंगवले. त्यावरील खोदचित्र व शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आले. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू याने इंग्लंडात हीच रीत यशस्वी केली.

६/ कातडीनंतर हाडाची पाळी आली. १८४९ मध्ये अमेरिकेत सायमन हलिहेनने भाजल्याच्या व्रणांमुळे विकृत झालेला एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे घेतला. १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी तोंडाच्या आतून जबड्याचे हाड उभे चिरून पुढे-मागे सरकवण्याची पद्धत मांडली. चेहऱ्यावर व्रण नाही. हनुवटीची कातडी हाडामागोमाग सरकते आणि बाजूने दिसणारी चेहऱ्याची रेषाच पालटते.

७/ येथेही नियम जुनाच : सरकवलेल्या भागाचा रक्तपुरवठा तोडायचा नाही.

८/ कावसजीचे नाव उरले, चित्रकाराचे उरले, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांचेही उरले. ज्याच्या हातांनी ते नाक घडले, त्याचे नाव मात्र त्या वृत्तान्तात कोणी लिहिले नाही. नोंद झाली ती केवळ त्याच्या जातीची.