सुनू : दाण्याची मालकी

मेक्सिकोतील रारामुरी आदिवासी मक्याला ‘सुनू’ म्हणतात. तेरेसा कामू गेरेरो यांच्या २०१५ मधील माहितीपटाचे शीर्षकही तेच. देशातील लहान-मोठे मका-उत्पादक त्यात आपली कैफियत मांडतात.

या कैफियतीमागे दीर्घ इतिहास आहे. सुमारे ९००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी तेओसिंते या रानगवतापासून मका घडविला. मक्याचे दाणे कणसाला घट्ट धरून असतात, वर पानांचे वेष्टण; माणसाने सोलून पेरल्याखेरीज हे पीक टिकत नाही. माणूस आणि बियाणे यांचे असे परस्परावलंबन असताना बियाण्याचा मालक कोण, हा प्रश्न सोपा राहत नाही.

शिवाय मक्याचे परागकण वाऱ्याबरोबर जातात. बांध त्यांना अडवीत नाही. वाहाका प्रांतातील देशी मक्यात जनुकपरिवर्तित वाणांचे अंश सापडल्याचा २००१ मधील निष्कर्ष वादग्रस्त ठरला, तरी धास्ती कायम राहिली. २०१३ मध्ये न्यायालयाने अशा लागवडीचे परवाने रोखले. २०२५ मध्ये राज्यघटनेतच तिला मनाई झाली.

मात्र कायदा परके वाण रोखू शकतो, देशी वाण पेरू शकत नाही. त्यासाठी दरवर्षी कणसे निवडून ठेवणारा शेतकरी गावात टिकला पाहिजे. बीजस्वामित्वाची खरी कसोटी तेथेच आहे.