बलुत्यापासून स्क्वेअर फुटापर्यंत

सुताराला काम मिळेल का, ही चिंता जुन्या मराठी गावाला नव्हती. बारा बलुतेदारांत त्याची जागा पहिल्या ओळीतली. नांगर, वखर, पाभर, मोटेचे चाक यांची वर्षभर डागडुजी करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. नवी बैलगाडी हवी असेल तर लाकूड शेतकऱ्याचे आणि मजुरी वेगळी. काम जन्माने ठरलेले, गिऱ्हाईकही जन्माने ठरलेले. या व्यवस्थेसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण तिथे सुताराच्या पोराला दुसरे काही होण्याची मुभा नव्हती, आणि दुष्काळात खळे रिते राहिले की त्याचे घरही रितेच राहायचे.

रोख मजुरीच्या सुतारकामाची मोठी मागणी मुंबईत समुद्राने आणली. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया काही सुतारांना घेऊन सुरतेहून इथे आले आणि गोदीत सागवानी जहाजे बांधली जाऊ लागली. सागाला कीड सहसा लागत नाही आणि त्यातल्या तेलामुळे खिळेही लवकर गंजत नाहीत, म्हणून इंग्रजांच्या आरमारानेही इथे जहाजे बांधून घेतली. १८१७ मध्ये तयार झालेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पुढे लोखंडी आगबोटी आल्या आणि गोदीतल्या सुतारकामाचा तो भर ओसरला. तोवर रेल्वे आली होती. डब्यांचे सांगाडे लाकडी, म्हणून रेल्वेच्या कारखान्यांना सुतार हवे होते. १९५५ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातून पोलादी डबे निघू लागले आणि तेही काम आटत गेले.

गावात घाव वेगळ्या बाजूने बसला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पण ती भीती फार टिकली नाही. मग इंजिन-पंपाने मोट थांबवली, रबरी टायरच्या गाडीने आरे, तुंबा आणि धाव यांचे चाक अडगळीत टाकले, उरलेले ट्रॅक्टरने संपवले. खळ्यावरचा वाटा मागायला कारणच राहिले नाही. वाकस चालवणारा हात शहराकडे निघाला तो असा.

शहरात लोखंड आधीच पोहोचले होते. गोदरेजचे पोलादी कपाट १९२३ पासूनचे. तरीही सुताराचे काम तिथे वाढले, कारण फ्लॅट आले आणि त्यांच्याबरोबर प्लायवुड, सनमायका, किचन ट्रॉली, भिंतीएवढी कपाटे आली. राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले कारागीर मुंबई-पुण्यात आले आणि कामाचे मोल हजेरीऐवजी स्क्वेअर फुटावर ठरू लागले. माझ्या मते खरा बदल हाच. बलुत्यात वर्ष मोजले जाई, हजेरीत दिवस, आता नुसते क्षेत्रफळ. सांधा नीट बसावा म्हणून दोन तास जास्त देणाऱ्याला या हिशेबात तोटाच होतो.

आता कारखान्यात यंत्रावर कापलेले मॉड्युलर फर्निचर खोक्यांतून येते. आयकियाचे नवी मुंबईतले दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडले. घडवणे कारखान्याकडे गेले, बसवणे माणसाकडे राहिले. आपल्या इमारतींतल्या भिंती गुण्यात क्वचितच असतात, तेव्हा त्यांचे माप कारखान्यातले यंत्र घेऊ शकत नाही. जुने सागवानी दरवाजे, वाड्यांची दुरुस्ती, मोडलेली खुर्ची यांनाही हातच लागतो.

२०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. रक्कम वाईट नाही, फक्त कर्जाबरोबर गिऱ्हाईक मिळत नाही. आयटीआयमध्ये सुतारकामाला प्रवेश घेणाऱ्याने म्हणून रंधा-पटाशी शिकावीच, पण नकाशा वाचणे, संगणकावर कापणीचा आराखडा करणे आणि वाकड्या भिंतीचे माप घेणेही शिकून घ्यावे. आणि पहिले काम धरण्याआधी दर कशावर ठरणार, दिवसावर की फुटावर, हे ठेकेदाराकडून लिहून घ्यावे.