दिनविशेष : २३ जुलै

१८५६ : लोकमान्य टिळकांचा रत्नागिरीत, आजच्या टिळक आळीत जन्म. जहाल नेता सर्वांना ठाऊक. कर्जबाजारी पत्रमालक मात्र चरित्राच्या कोपऱ्यातच राहतो. ‘केसरी’, ‘मराठा’ ही पत्रे आणि आर्यभूषण छापखाना असा भागीदारीतला एकत्र पसारा होता. १८९१मध्ये भागीदारांत वाटणी झाली. चालता छापखाना वासुदेवराव केळकर आणि हरी नारायण गोखले यांच्याकडे गेला; टिळकांनी दोन्ही पत्रे घेतली, तीही कर्जाच्या बोज्यासकट. व्यवहारी माणसाने छापखानाच मागितला असता! पुढे ‘केसरी’ गावोगाव पोहोचला. वाचता येणारा एकजण मोठ्याने वाचे, भोवतीचे ऐकत. श्राव्य प्रकाशनच म्हणा ना, फक्त यंत्राविना.