हार्ड डिस्क कोरी करणे : आलापल्लीच्या संदर्भात

हार्ड डिस्क कोरी करणे : संगणकाच्या डिस्कवरची सगळी माहिती पुन्हा कुणालाही, कोणत्याही साधनाने वाचता येणार नाही अशा रीतीने घालवणे. फाइल ‘डिलीट’ करून किंवा ‘क्विक फॉरमॅट’ मारून हे साधत नाही. त्यात केवळ अनुक्रमणिकेतली नोंद जाते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर चुंबकीय तबकडीवर तसाच राहतो आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनेही परत काढता येतो. तोडलेल्या सागाच्या खुंटाला पावसाळ्यात धुमारे फुटतात, हे आलापल्लीच्या वनमजुराला सांगावे लागत नाही. डिलीट केलेल्या फाइलचेही तसेच आहे. अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलट यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या आणि उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. त्या डिस्क विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपली माहिती पुसली, असेच धरून चालले असणार.

आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले सागवानासाठी प्रसिद्ध असलेले गाव आणि वनविभागाचे ठिकाण. एवढ्या आडबाजूच्या गावातल्या जुन्या संगणकात कोण डोकावणार, असा आक्षेप इथे हमखास निघेल. पण डिस्क गावात राहत नाही. दुरुस्तीला किंवा भंगारात निघालेला संगणक शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या चंद्रपूरला, तिथून नागपूरला आणि पुढे कुठेही जाऊ शकतो. शिवाय जंगलपट्ट्यातल्या कार्यालयात, ग्रामसभेत किंवा सेवा केंद्रात जमणारी माहिती साधी नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे, आधार क्रमांक, जातीचे दाखले, तेंदूपाने तोडणाऱ्यांची बँक खाती हे सगळे तिथल्या संगणकांतून जाते. कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रासोबत जागेची नोंद असेल, तर वाघ कोणत्या पाणवठ्यावर येतो हे शिकाऱ्याला आयते कळते. आणि ज्या जिल्ह्यात खबरी असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांचे जीव घेतले, तिथे नावांची यादी म्हणजे निव्वळ कागद मानता येत नाही. त्यामुळे डिस्क गावाबाहेर पडण्याआधी, गावातच कोरी झाली पाहिजे, असे या नोंदीचे म्हणणे आहे. पुढच्या दुकानदाराच्या भरवशावर हे काम सोडता येत नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा आणि पुसणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत शून्ये लिहायची. एकदाच पुरे का, यावर बराच गोंधळ आहे. पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली आणि तो आकडा मंत्रासारखा पसरला. ती पद्धत त्या काळातल्या निरनिराळ्या जुन्या रचनांच्या डिस्क डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. आजच्या डिस्कसाठी ३५ फेऱ्यांची गरज नाही, हे पुढे गुटमन यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनेही चुंबकीय डिस्कसाठी साधारणपणे एक फेरी पुरेशी मानली आहे. आलापल्लीत या फरकाला फार महत्त्व आहे. एक टेराबाइटची डिस्क एकदा पुसायला सुमारे दोन ते चार तास लागतात, ३५ वेळा पुसायला अनेक दिवस. वीज मध्येच गेली तर काम अर्धवट राहते. काही तासांचे काम दुपारभर नेटाने करता येते. अनेक दिवसांचे काम कुणी करत नाही आणि डिस्क तशीच जाते. अतिकाळजीपोटी काहीच न होणे हा धोका मला जास्त खरा वाटतो.

मग हातोडाच का घालू नये? बंद पडलेल्या डिस्कवर लिहिता येत नाही, तिथे हातोडाच घालावा, पण बाहेरच्या पेटीवर नव्हे. आतल्या तबकड्या फुटल्या किंवा ठिकठिकाणी भोसकल्या गेल्या पाहिजेत. चालू डिस्क फोडणे मात्र नासधूस आहे. कोरी केलेली डिस्क आश्रमशाळेच्या संगणकात आणखी काही वर्षे चालेल. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि पेन ड्राइव्हची गोष्ट वेगळी. त्यांतली यंत्रणा लिहिण्याची जागा स्वतःच बदलत राहते, म्हणून वरून शून्ये लिहिली तरी जुने तुकडे कोपऱ्यात उरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी हे २०११ मध्ये दाखवले. एसएसडीसाठी तिच्यातच दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. त्याहून बरे म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळी डिस्क सांकेतिक (एन्क्रिप्ट) करून ठेवावी. मग ती उलगडणारी किल्ली नष्ट केली की माहिती वाचता येत नाही.

सरकारी कार्यालयाचा आक्षेप रास्त आहे : अभिलेख मनमानीने नष्ट करता येत नाहीत, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ त्याला आडवा येतो. तो कायदा अभिलेख जपायला सांगतो आणि अभिलेख जपण्यासाठी जुनी डिस्क जपावी लागत नाही. आधी जतन करायच्या नोंदींची प्रत काढून ती उघडते का ते पाहावे, मग डिस्क पुसावी. निर्लेखनाच्या प्रस्तावात संगणकाचा नग लिहितात, तशीच डिस्क कोरी केल्याची तारीख आणि डिस्कचा अनुक्रमांकही लिहावा. पुसल्यावर डिस्कवरच्या चार-सहा ठिकाणचा मजकूर वाचून सर्वत्र शून्येच आहेत ना, हे दुसऱ्या माणसाने तपासावे. पुसणारा आणि तपासणारा या दोघांच्या सह्या नोंदवहीत झाल्याशिवाय संगणक गाडीत चढवू नका.