कॉलेजचा कारभार कोण बघतं? सीडीसी, परदेशी विद्यार्थी अन् सगळ्यांना सामावून घेण्याचं नियोजन : सोप्या भाषेत माहिती

सिरसाळा (ता. परळी वैजनाथ) : कॉलेज म्हटलं की गावाला दोनच माणसं माहीत असतात, संस्थेचे अध्यक्ष आणि प्राचार्य. मात्र कायद्याने कारभारात आणखी बऱ्याच जणांना जागा दिली आहे, आणि त्यातल्या काही जागा गावच्या अन् पोरांच्या हक्काच्या आहेत.

सीडीसी म्हणजे काय?

बीड जिल्ह्यातील कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती, म्हणजेच सीडीसी, असावी लागते. जुन्या 1994 च्या कायद्यात हिच्या जागी स्थानिक व्यवस्थापन समिती होती. जुने लोक आजही 'एलएमसी'च म्हणतात.

समितीत कोण असतं?

- संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, किंवा त्यांचे प्रतिनिधी
- प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख
- निवडून आलेले तीन प्राध्यापक, त्यात किमान एक महिला
- निवडून आलेला एक शिक्षकेतर कर्मचारी
- शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य, त्यात किमान एक माजी विद्यार्थी
- गुणवत्ता कक्षाचे समन्वयक
- विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव
- सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य

वर्षात किमान चार बैठका घ्याव्या लागतात. विकास आराखडा, नवे अभ्यासक्रम, अंदाजपत्रक, प्रवेशाची पद्धत आणि विद्यार्थी कल्याण हे सगळे विषय इथंच येतात. विद्यार्थी परिषदच नसेल तर पोरांच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतात. मग शौचालय, एसटीची वेळ, वसतिगृह हे प्रश्न मांडायचे कुणी?

परदेशी विद्यार्थी आले तर आपल्या पोरांच्या जागा जातात का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या वर 25 टक्क्यांपर्यंत जादा जागा ठेवता येतात. म्हणजे 120 जागा मंजूर असतील तर वरच्या 30 पर्यंत. मूळ 120 ला आणि त्यातल्या आरक्षणाला हात लागत नाही. जादा जागा रिकामी राहिली तरी ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

मात्र प्रवेश दिला की जबाबदारीही येते. विद्यार्थ्याच्या आधीच्या शिक्षणाची समकक्षता तपासावी लागते. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असलेल्या विद्यार्थ्याला भारतात आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. तो वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहत असेल तर तिथल्या चालकाला किंवा घरमालकालाही 24 तासांत माहिती कळवावी लागते.

पुण्यातलं उदाहरण

कागदं पूर्ण झाली म्हणजे पोरगं सामावलं, असं होत नाही. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. तिथं मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता. एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, ते त्यांच्या नजरेस पडलं. परक्या मुलखात आलेल्या पोरांचे हाल त्यांना कळले आणि त्यातून 1971 मध्ये सिम्बायोसिसची सुरुवात झाली.

सिरसाळ्यासाठी याचा अर्थ काय?

आपल्याकडे कॉलेजात परका वाटायला पासपोर्ट लागत नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं एकटा राहणारा, शेवटची गाडी चुकेल म्हणून तास अर्धवट सोडणारी, पायऱ्या चढता न येणारा, जातीवरून टोमणे ऐकणारा, हे सगळे त्याच आराखड्यात यायला हवेत. कायद्याचे आधार असे :

- दिव्यांग : 2016 च्या कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट.
- तक्रार : 2023 च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती. समितीने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील.
- मुली : लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक.
- रॅगिंग : मोफत हेल्पलाइन 1800-180-5522.

पालकांनी काय विचारावं?

प्रवेश घेताना फी विचारतोच, त्यासोबत तीन गोष्टी विचाराव्यात. सीडीसीवर स्थानिक सदस्य कोण आहेत? शेवटची बैठक कधी झाली? तक्रार समितीची नावं फलकावर लावली आहेत का? अनुदानित कॉलेजात तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करता येतो. कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.