कोणतं पोलाद सरस? मेहरौलीचा खांब आणि मुंबईहून गेलेले गोळे

दिल्लीला आलेला पाहुणा कुतुबमिनार बघतो आणि मग शेजारच्या लोहस्तंभापाशी थांबतो. उंची सुमारे 7.2 मीटर, वजन 6 टनांहून जास्त, वय साधारण सोळाशे वर्षं, आणि गंज जवळपास नाही. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘याच पोलादाच्या आपल्या तलवारी जगभर गाजल्या.’ ऐकायला छान वाटतं, पण ते चूक आहे. ते का चूक आहे हे कळलं, की दोन पात्यांची तुलना करणं इतकं अवघड का आहे हेही कळतं.

रॉबर्ट हॅडफील्ड हे इंग्लंडमधल्या शेफील्डचे नामवंत धातुतज्ज्ञ. 1912 साली त्यांनी या स्तंभाच्या नमुन्याचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. कार्बन निघाला 0.08 टक्के आणि फॉस्फरस 0.114 टक्के. म्हणजे हे पोलाद नव्हेच, हे जवळजवळ शुद्ध घडीव लोखंड आहे. याची सुरी केली तर पहिल्या भोपळ्यालाच तिची धार बसेल. गंमत पुढेच आहे. ज्या फॉस्फरसमुळे स्तंभावर संरक्षक थर धरला, तोच पात्यात आला तर पातं ठिसूळ होतं. खांब म्हणून जो धातू पहिला येतो, तो सुरी म्हणून नापास होतो. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी हा थर बारकाईने अभ्यासला. शिवाय हा खांब लोखंडाचे गोळे ठोकून जोडत घडवलेला आहे, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांत कार्बन कमीजास्त सापडतो. नमुना कुठून घेतला, इथपासूनच परीक्षेत वाद सुरू होतो.

मग तलवारी कशाच्या होत्या? ते पोलाद दक्षिणेतलं. कन्नडमध्ये ‘उक्कु’, इंग्रजांच्या तोंडी ‘वूट्झ’. लोखंड आणि झाडपाला मातीच्या मुशीत बंद करायचा, भट्टीत वितळवायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचा. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे दिल्लीच्या खांबाच्या जवळपास वीस पट. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमला हे गोळे विकत घ्यायला इराणी व्यापारी येत.

आता मुंबईत येऊ. कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 मध्ये मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत तयार होणारं’ म्हटलं आहे! मुंबई हे फक्त बंदर होतं. पहिल्याच शास्त्रीय तपासणीत मालाचा पत्ता चुकला.

त्याहून मोठी अडचण ऐरणीवर आली. युरोपातला लोहार पोलाद पांढरंशुभ्र तापवून ठोकायचा. इतका कार्बन असलेलं वूट्झ त्या उष्णतेला हातोड्याखाली भुगा होतं. ज्याच्या हातून असा भुगा झाला, त्याने साहजिकच हे पोलाद निकामी ठरवलं. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा कारागीर. त्याने ते अगदी मंद तापवलं, अंधारातच दिसेल इतकं लालसर, आणि त्यातून लेखणी तासायची छोटी सुरी घडवली. ती उत्तम इंग्रजी सुरीइतकी चालली. घडवायला त्रास पडतो, पण कित्येक कामांना हे पोलाद आपल्यापेक्षा सरस आहे, असं त्याचं मत झालं. पुढे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातीतही तेच छापलं. इथे परीक्षक आणि विक्रेता एकच, हेही ध्यानात घ्या.

तर परीक्षा पोलादाची झाली की लोहाराची? आपल्याकडे म्हणतात, पात्याला ‘पाणी पाजायचं’. पातं तापवून योग्य वेळी विझवणं म्हणजे पाणी पाजणं. ते चुकलं की उत्तम पोलादाची विळीही बोथट निघते.

1805 मध्ये डेव्हिड मशेट यांनी वूट्झच्या वेगवेगळ्या गोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. गोळ्यागोळ्यात फरक निघाला, पण यात कार्बन जास्त आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्यानंतर आले मायकेल फॅरडे, स्वतः लोहाराचे चिरंजीव. स्टोडार्टबरोबर काम करताना त्यांना वाटलं, गुण ॲल्युमिनियमचा असावा. तो तर्क चुकला, पण त्या नादात त्यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. फॅरडेंचे 79 नमुने पुढे कुणी तपासले? दिल्लीचा स्तंभ तपासणाऱ्या त्याच हॅडफील्डनी, 1931 मध्ये. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले जॉन व्हरहोवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवलं, की पात्यावरच्या लहरींमागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी सूक्ष्म अंश आहे.

आज शेफील्डमध्ये बनलेलं एक यंत्र यासाठी वापरतात. वाळूसारखी कठीण भुकटी मिसळलेल्या जाड कागदाच्या गठ्ठ्यावर पातं ठरावीक दाबाने मागेपुढे फिरवायचं आणि दर फेरीला किती खोल कापलं ते मोजायचं. व्हरहोवन यांनी वूट्झची पाती आजच्या पोलादांशी अशी ताडून पाहिली. पाती कमी कडक ठेवली तेव्हा वूट्झ थोडं सरस ठरलं. जास्त कडक केली तेव्हा आजची पोलादं पुढे गेली. धातू तेच, क्रम उलटा. आणि कागद कापण्यात पहिलं आलेलं पातं हाडावर तुटणार नाही, याची हमी हे यंत्र देत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या तलवारी काचेआड आहेत. त्या कापून, घासून बघता येत नाहीत, आणि तसं करूही नये. एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती पोलाद आलं आणि मुशीच्या भट्ट्या विझत गेल्या. लंडनच्या प्रयोगशाळांनी गोळे तोलले, पण ते घडवणाऱ्या इथल्या लोहाराला किती तापवतोस, कधी थांबतोस, हे फारसं कुणी विचारलं नाही. तो गेला आणि तुलनेतली सर्वांत मोलाची बाजू हरवली.

म्हणून यापुढे कुणी ‘आपलं पोलाद जगात भारी’ म्हणालं, तर मान जरूर डोलवा, पण तीन प्रश्नही विचारा. कोणत्या कामासाठी? कुणी घडवलेलं? आणि कशाशी ताडून? त्यांना उत्तरं मिळाली तर अभिमान टिकाऊ ठरेल. नाहीतर मेहरौलीच्या खांबाची सुरी करायला निघाल्यासारखं होईल.

भेटू पुढच्या भागात.