किडका दात उपटायचा की वाचवायचा? बीडच्या वाटेने जाणारा एक इतिहास

१/१३
आजही आपण सहज म्हणतो, "दाढेला कीड लागली." ही कीड कोणी पाहिलेली नाही, तरी भाषेने ती जपून ठेवली आहे. दातात किडा शिरून तो पोखरतो, ही समजूत प्राचीन मेसोपोटेमियापासून भारतापर्यंत होती. आपल्या वैद्यकग्रंथांतील या रोगाचे नावच मुळी 'कृमिदंत'. या धाग्यात पाहू, असा दात वाचवण्याची कल्पना किती जुनी आहे आणि ती सामान्य माणसाच्या हाती येण्यास इतका काळ का लागला.

२/१३
सुश्रुतसंहितेत दात उपटण्याची क्रिया आहे, पण तिच्याबरोबर धास्तीही आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, असे तेथे बजावले आहे. अतिरक्तस्राव होऊन रोग्याचा डोळा जाईल किंवा चेहऱ्याला अर्दितवात होईल, ही भीती त्यामागे होती. दात उपटणे ही त्या काळी किरकोळ गोष्ट नव्हती.

३/१३
पुढे वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त एक विलक्षण उपाय येतो. पोकळ झालेल्या दातात गूळ किंवा मेण भरावे आणि ते तापलेल्या शलाकेने डागावे. सातवीण व रुई यांचा चीक भरण्याचाही उल्लेख आहे. ठणका तरीही थांबला नाही, तर मग दात उपटावा. म्हणजे आधी वाचवण्याचा प्रयत्न आणि उपटणे सर्वांत शेवटी.

४/१३
हा ग्रंथ आपल्या प्रदेशाला परका नव्हता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. आज ती संपूर्ण ग्रंथावर उपलब्ध नाही. आजचा बीड जिल्हा तेव्हा यादवांच्याच राज्यात होता. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईत आजही पाहायला मिळतात.

५/१३
मग गूळ भरून, डाग देऊन दात खरोखर वाचत असे का? क्वचित ठणका थांबत असेल, कारण उष्णतेने आतील चेतातंतू जळत. पण दाताच्या कठीण कवचाखाली रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंचा मऊ गाभा असतो. बोलीत आपण त्याला 'नस' म्हणतो. तो सडला की पू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. शलाका वरच्या खड्ड्यापर्यंत पोहोचे. रोग खाली मुळात राही.

६/१३
किड्याच्या समजुतीला धक्का दिला तो फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला किडा दिसला नाही, हे त्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. खरे कारण १८९० मध्ये विलोबी मिलरने मांडले : तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. ज्या गुळाने आपण खड्डा बुजवत होतो, तोच त्या जंतूंचे खाद्य होता!

७/१३
मुळापर्यंत पोहोचण्यासाठी आधी हत्यार हवे होते. १८३८ मध्ये एडवर्ड मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग घासून मुळाच्या नलिकेत जाईल अशी बारीक सुई बनवली. १८६७ मध्ये बोमनने साफ केलेली नलिका गटापर्चाने भरली. गटापर्चा हा मलाया प्रदेशातील झाडांचा चीक. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर त्याचेच आवरण असे. १८७० मध्ये मुंबईला येऊन पोहोचलेली तारही तशीच होती.

८/१३
तरी दोन अडचणी उरल्या : वेदना आणि अंधार. रोगी स्थिर बसल्याशिवाय मुळात काम करणे अशक्य होते. १९०५ मध्ये प्रोकेन वापरात आले आणि दाताभोवतीचा भाग बधिर करणे सुरक्षित झाले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी ऑटो वाल्कहॉफने आपल्याच दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्याला सुमारे २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. हाडातले मूळ आता दिसू लागले.

९/१३
रूट कॅनॉल करूनही मुळाच्या टोकाशी पू साचत राहिला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. हिरडी उघडतात, हाडात लहानशी खिडकी करतात, रोगट भाग खरवडतात, मुळाचे टोक कापतात आणि उरलेले तोंड खालून बंद करतात. दात जागेवरच राहतो. वाग्भटाच्या शलाकेला जिथे पोहोचता आले नाही, तिथे हात अखेर पोहोचला, पण उलट्या दिशेने.

१०/१३
भारतात हे शिक्षण उशिरा रुजले. आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला १९४८ मध्ये. त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपून मराठवाडा मुक्त झाला.

११/१३
मुक्तीनंतरही अंतर होतेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे नाव धारण करणारे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईत आले १९७४ मध्ये. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय आले १९८२ मध्ये. बीड शहरापासून ते सुमारे सव्वाशे किलोमीटर.

१२/१३
आता या इतिहासातील शेवटची अडचण. दाढ उपटायला एक फेरी पुरते. वाचवायला बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतात, वर कॅपचा खर्च. बीडमधून लाखो ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते थेट गाळप हंगाम संपल्यावर परततात. फडावर एक दिवस चुकला की 'खाडा' पडतो, उचलीतून पैसे वळते होतात. अर्धवट राहिलेले रूट कॅनॉल ऊस तुटेपर्यंत थांबत नाही. म्हणून वाचू शकणारी दाढही उपटली जाते.

१३/१३
दंतवैद्यकाचा इतिहास आपण शोधांच्या सनावळीत वाचतो. सुई, चीक, बधिरता, क्ष-किरण. पण दात वाचवावा ही इच्छा वाग्भटालाही होती. हत्यारे आली तेव्हा वैद्य दूर होते. वैद्य जवळ आले तेव्हा रोग्यापाशी दुसऱ्या फेरीचा दिवस नव्हता. जो ऊस तोडून जगाची साखर होते, तो तोडणाऱ्याच्या तोंडातली दाढ टिकते की नाही, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

धागा समाप्त. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा : त्यांची पहिली दाढ कोणी काढली, कुठे काढली, आणि ती वाचू शकते असे त्यांना कोणी सांगितले होते का?